बॉल नीट येत नव्हता

दाजी,

तुमचा व्यवसाय काय लिहायचा यावरून गेल्या आठवड्यात माझं आणि ताईचं वाजलं. अंत्यसंस्कारांचं सगळं बघणारा तो बेस्टाटर फॉर्म भरत होता. नाव झालं, जन्मगाव झालं, मग त्यानं विचारलं, "बेरूफ?" ताई म्हणाली, "हाउसमाइस्टर." त्यानं लिहून घेतलं. त्यात चूक काहीच नव्हती. गेली सहा वर्षं तुम्ही त्या शाळेचे हाउसमाइस्टर होतात. बॉयलर, गळके नळ, जिमची कुलपं, बर्फ पडला की मुलं यायच्या आधी फाटकापासून दारापर्यंतची वाट मोकळी करणं, हे सगळं तुमच्याकडे. गेलात तेही तिथंच, गुरुवारी सकाळी, बॉयलरच्या खोलीत, चव्वेचाळिसाव्या वर्षी.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "फेंगर का नाही सांगितलंस?"

ताई छत्री उघडत होती. "त्यांनी स्वतः कधी कुठल्या फॉर्मवर लिहिलं होतं?"

लिहिलं नसेल, पण एकदा सांगितलं होतं. ती गोष्ट ताईनंच मला दहा वेळा ऐकवली आहे. हॅम्बर्गच्या फोक्सहोखशूलेत, म्हणजे प्रौढांच्या शाळेत, जर्मनच्या अगदी पहिल्या वर्गात, बाईंनी प्रत्येकाला आपापलं काम सांगायला लावलं. ताईनं सांगितलं, मी इंजिनियर आहे, विमानातल्या सीट बसवायच्या कामावर आहे. तुमची पाळी आली तेव्हा तुम्ही डिक्शनरीत बघून ठेवलेलं वाक्य म्हणालात, "इश बिन फेंगर." मी पकडणारा आहे. बाईंना काही उलगडा होईना. कुत्री पकडता का, असं त्यांनी विचारलं. तुमच्या शेजारी बसलेल्या ताईनं हळूच इंग्रजीत विचारलं, "पण पकडता काय?" तुम्ही म्हणालात, "दुसऱ्यांनी फेकलेलं."

आमच्या अप्पांना हे सगळं फोनवर सांगणं तिला जमलं नाही. तिनं एवढंच सांगितलं की अमेरिकन आहे, खेळाडू आहे, लग्न करायचं आहे. अप्पांनी मला ब्राउनश्वाइगला फोन केला. मी तिथं डॉक्टरेटला येऊन सहा महिने झाले होते. "तू जवळ आहेस. जाऊन बघून ये. मुलगा काय करतो ते तुझ्या डोळ्यांनी बघ आणि मला सांग." मुलगा तेव्हा सदतीस वर्षांचा होता.

म्हणजे आमच्या घरात मुलगा बघायला मी गेलो, एप्रिलच्या भुरभुर पावसात, हॅम्बर्गच्या कडेच्या एका बेसबॉलच्या मैदानावर. पन्नास-साठ माणसं होती. तुमची टीम खेळत होती आणि तुम्ही खेळत नव्हतात. कडेला जाळीमागे एक पट्टा होता, तिथं पिचर, म्हणजे बॉल टाकणारे, आत जायच्या आधी हात गरम करतात. तुम्ही तिथं उकिडवे बसला होतात. एक पिचर यायचा, तीस-चाळीस बॉल टाकायचा आणि जायचा. मग दुसरा. तुम्ही उठायचात, बॉल परत फेकायचात, पुन्हा बसायचात. मॅच संपली तेव्हा सगळ्यांचे शर्ट मातीनं भरलेले होते आणि तुमच्या फक्त गुडघ्यांना चिखल होता. माझ्याशी हात मिळवलात तेव्हा मला तुमच्या उजव्या हाताची बोटं लागली. करंगळी एकीकडे, तिच्या शेजारचं दुसरीकडे.

रात्रीपर्यंत अप्पांना दम निघाला नाही. संध्याकाळीच फोन. "काय करतात?"

"बैठका मारतात," मी म्हटलं.

मग समजावून सांगितलं. आपला विकेटकीपर असतो तसंच, फक्त हा प्रत्येक बॉलला बॅट्समनच्या मागे चिकटून उकिडवा बसतो, आणि कुठला बॉल टाकायचा ते बोटांच्या खुणांनी पिचरला सांगतो. त्याला कॅचर म्हणतात. आणि हे त्यातले राखीव. मुख्य कॅचरला लागलं किंवा विश्रांती द्यायची असली तरच आत जातात. एरवी बाहेर बसून पिचरचे हात गरम करून देतात.

"किती बैठका मारल्या?"

"मोजल्या नाहीत. दोनशेच्या वर असतील."

"सदतिसाव्या वर्षी?"

"हो."

 अप्पा म्हणाले, "बरं. कोल्हापूरला घेऊन या."

तुमची कारकीर्द मला त्या प्रवासात कळली, मुंबईहून कोल्हापूरला जाताना. ताई झोपली होती आणि मी एकेक प्रश्न विचारत होतो. चौदा वर्षं, अकरा गावं. सगळा खालच्या लीगचा धंदा, बसनं बारा-बारा तास, दुपारी उतरायचं, खेळायचं, पुन्हा बस. वर, खऱ्या मोठ्या लीगमध्ये, सगळे मिळून नऊ दिवस. त्यातल्या एका मॅचला टीम पुष्कळ पुढे होती म्हणून मुख्य कॅचरला शेवटच्या इनिंगला बसवलं आणि तुम्हाला आत पाठवलं. तीन बॅट्समन, अकरा बॉल. तुमच्या हातात बॅट यायची वेळ आलीच नाही. दहाव्या दिवशी सकाळी मॅनेजरनं ऑफिसात बोलावून तिकीट दिलं.

"वाईट वाटलं?" मी विचारलं.

तुम्ही विचार केलात. "अकरावा बॉल छान होता," म्हणालात.

मग मला तुम्ही सांगितलंत की इतकी वर्षं तुम्हाला ठेवलं कशासाठी. बॅटिंग बेताची होती, पळणं त्याहून बेताचं. पण पिचर तुमच्याकडे टाकायला मागायचे. कोण कशानं बिथरतो, कोणाला शिव्या घातल्या की बरं टाकतो, कोणाला काहीच बोलायचं नाही, हे तुम्हाला ठाऊक असायचं. कोणाची बायको माहेरी निघून गेली आहे हेसुद्धा मॅनेजरच्या आधी तुम्हाला कळायचं, त्याच्या पहिल्या दहा बॉलवरून. मला तेव्हा त्या नुसत्या गप्पा वाटल्या.

कोल्हापुरात दुसऱ्याच दिवशी पहाटे अप्पा तुम्हाला तालमीत घेऊन गेले. मी दुभाषा. आखाड्यात जोर चालले होते. अप्पांनी तुमचा उजवा हात हातात घेऊन बोटं एकेक करून बघितली, आणि तुम्ही अप्पांच्या कानांकडे बघत होतात, चेमटलेले, भज्यासारखे झालेले पैलवानाचे कान. तुम्ही मला विचारलंत, "हे कुठल्या जागी खेळायचे?" मी ते भाषांतर करून सांगितलं तर अप्पा हसले. मग जी गोष्ट त्यांनी मला आणि ताईला कधी सांगितली नव्हती ती तुम्हाला सांगितली. त्यांचं नाव कुठल्याच मोठ्या मैदानाच्या पत्रकावर कधी नव्हतं. वस्तादांचा एक नावाजलेला पठ्ठ्या होता. त्याला रोज जोर करायला तगडा माणूस लागायचा, तो माणूस म्हणजे अप्पा. सहा वर्षं रोज पहाटे त्याच्याकडून आपटून घ्यायचे. कुस्ती त्यानं मारली की मिरवणूक त्याची.

"विचार त्यांना," अप्पा मला म्हणाले, "रोज मार आपण खायचा आणि नाव दुसऱ्याचं व्हायचं. झोप येते का?"

तुम्ही म्हणालात, "सांग त्यांना, चांगली येते. दमलेला असतो ना."

अप्पांनी तुमच्या पाठीवर थाप मारली ती त्या आखाड्यातल्या सगळ्यांनी वळून बघावं एवढी. लग्न तिथंच ठरलं. पत्रिका कोणी बघितली नाही.

घरात ताई तुम्हाला डेल म्हणायची, पण अप्पांसमोर तिनं "अहो" सुरू केलं. तुम्हाला वाटलं ही मराठीतली हाक आहे, कोणीही कोणाला मारावी. तुम्हीही तिला "अहो" म्हणायला लागलात. आम्ही कोणी तुम्हाला सांगितलं नाही. हॅम्बर्गला परतल्यावरही तेच चालू राहिलं, एकमेकांना अहो, अहो. आता घरात तसं कोणी कोणाला म्हणत नाही.

हे सगळं आठवायला सोपं आहे. जे लिहायला बसलो ते वेगळं आहे.

दोन हजार सहाचा उन्हाळा. सगळा देश फुटबॉलच्या नादात होता, गाड्यांवर झेंडे होते, आणि तुमचा क्लब खालच्या लीगमध्ये घसरायच्या बेतात होता. माझंही बरं चाललं नव्हतं. तीन वर्षं ज्या टेस्टरिगवर, म्हणजे चाचणीच्या मशीनवर, मी राबलो त्याचे निष्कर्ष परिषदेत मांडायला प्रोफेसरांनी दुसऱ्याला पाठवलं होतं. मी त्यांना काही बोललो नाही. शनिवार-रविवार उठून हॅम्बर्गला यायचो आणि तुमच्या टीमसाठी स्पीड गन धरून बसायचो. प्रत्येक बॉलचा वेग वहीत लिहायचा, एवढंच काम. आकडे लिहिले की बरं वाटायचं.

शेवटच्या मॅचच्या आधी मुख्य कॅचरचं बोट मोडलं. ताईचा फोन आला, "रविवारी हे खेळणार आहेत. पूर्ण मॅच. येणार असलास तर ये." एक्केचाळिसाव्या वर्षी तुम्ही पहिल्यापासून आत होतात. जिंकलं तर लीगमध्ये राहायचं, हरलं तर खाली.

पिचर होता टॉर्स्टन. सुतारकाम करणारा, तिशीच्या आतला, उंच, कमी बोलणारा. त्या दिवशी तुम्ही दोघं काय खेळलात. तुम्ही खूण करायचात, तो मान हलवायचा आणि बॉल तुमच्या ग्लोव्हमध्ये यायचा. नऊपैकी सात इनिंग झाल्या, आपण एका रननं पुढे. बाकावर ताई रेवाला मांडीवर घेऊन बसली होती. दीड वर्षाच्या पोरीला ती सांगत होती, ते बघ बाबा.

आठव्या इनिंगला दोन बॉल झाल्यावर तुम्ही हात वर करून खेळ थांबवलात. चालत टॉर्स्टनकडे गेलात. काहीतरी बोललात. तो मान हलवत होता, नाही, नाही. तुम्ही वळून ट्रेनरकडे, म्हणजे टीमच्या कोचकडे गेलात. ट्रेनरही आधी नाहीच म्हणत असावा, त्याचे हात दिसत होते. मग टॉर्स्टनला बाहेर काढलं. तो टोपी फेकून बाकावर बसला. नव्या पिचरला समोरच्या टीमनं धुतलं. दोन रननं आपण हरलो.

मैदानावर तुमच्याशी कोणी बोललं नाही. ट्रेनर पाठ फिरवून बॅटा गोळा करत होता. तुम्ही एकेकाचा हात हातात घेतलात, मास्क पिशवीत टाकलात आणि आपण घरी आलो. तुम्ही स्वयंपाकघरात रेवाला केळं भरवत होतात. मी वही टेबलावर ठेवली.

"सात इनिंग तो उत्तम टाकत होता. माझ्याकडे आकडे आहेत."

"बॉल नीट येत नव्हता," तुम्ही म्हणालात.

"नीट म्हणजे काय? एकशे तीसच्या खाली एकही बॉल नाही. शेवटचे दोनसुद्धा."

"वेग तोच होता," तुम्ही कबूल केलंत. "हातात वेगळा लागत होता."

"हातात लागणं हा काय डेटा झाला?"

तुम्ही रेवासाठी केळ्याचा पुढचा तुकडा मोडलात. तिथं मी थांबायला हवं होतं. मी म्हटलं, "बाकावर बसायची तुम्हाला इतकी सवय झाली आहे की आयुष्यात एकदा जिंकायची वेळ आली तर तीही तुम्ही दुसऱ्याच्या हातात दिलीत. घाबरलात. मला तुमच्यासारखं आयुष्य काढायचं नाही."

"सुहास, बस कर," ताई म्हणाली.

तुम्ही रेवाच्या तोंडाला लागलेलं केळं पुसलंत. फडकं धुतलंत, पिळून वाळत घातलंत. मग म्हणालात, "सात वीसची गाडी आहे ना तुझी? स्टेशनला सोडतो."

मी म्हटलं, मी जाईन माझा. एस-बाननं, लोकल ट्रेननं, गेलो.

पुढच्या हंगामात ट्रेनरनं नवीन कॅचर आणला आणि तुम्हाला लहान मुलांना शिकवायला दिलं. तुम्ही तेही मन लावून केलंत. पण ती मॅच तुमची शेवटची ठरली. ते मला कळलं होतं, आणि तरी मी चार महिने फोन केला नाही. शेवटी तुम्हीच केलात. "सुहास, आल्झो, तर मग, तुझ्या खोलीत हीटिंग नीट चालतं का?" मी म्हटलं, चालतं. आपण हीटिंगवर दहा मिनिटं बोललो. त्यानंतर आपलं सगळं पूर्वीसारखं झालं, म्हणजे तसं दिसायला लागलं.

मला दूर दक्षिणेत उंटरश्लाइसहाइमला मशीनची तपासणी शिकवायची नोकरी लागली तेव्हा तुम्ही भाड्याची व्हॅन घेऊन ब्राउनश्वाइगला आलात आणि माझं सामान घेऊन आपण सहा-सात तास एकत्र होतो. माफी मागायला याहून चांगली जागा मला मिळाली नसती. दोघं एकाच दिशेला बघत बसलेलो, वर पाऊस. मी तुम्हाला महामार्गावरच्या बांधकामांबद्दल माहिती दिली. पोचल्यावर तुम्ही त्या गुडघ्यांनी माझं वॉशिंग मशीन तीन जिने चढवलंत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शाळा उघडायची म्हणून लगेच परत निघालात.

परवा तुमच्या निरोपाला चाळीसेक माणसं होती. शाळेतल्या शिक्षिका, क्लबातली जुनी मंडळी, तुम्ही शिकवलेली मुलं आईवडिलांबरोबर. ट्रेनरही आला होता, मागच्या रांगेत बसला आणि लवकर गेला. नंतर कॉफी आणि केक होता. तिथं टॉर्स्टन माझ्याशेजारी येऊन बसला. बराच वेळ कपातली कॉफी ढवळत होता. त्यानं साखर घातली नव्हती.

"तू वेग लिहायचास ना?" त्यानं विचारलं.

"हो."

"त्या मॅचला माझं कोपर गेलं होतं. मे महिन्यापासून दुखत होतं, मी कोणाला सांगितलं नाही. स्वतःची टिशलराय, सुतारकामाचा कारखाना, उघडून दोन महिने झाले होते. हा हात गेला असता तर सगळंच गेलं असतं, पण मॅच सोडायची नव्हती. डेल आला आणि म्हणाला, कोपर. मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, मी विचारत नाहीये."

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी त्याला सांगितलं की लिगामेंट अर्धं फाटलंय, आणखी थोडं ताणलं असतं तर हातोडा धरायचे वांधे झाले असते. त्यानं तुम्हाला विनवलं की कोणाला सांगू नका, गिऱ्हाइकांच्या कानावर गेलं तर नवीन सुताराकडे कोण येईल. तुम्ही म्हणालात, सांगायचं तेव्हा तूच सांग, मी नाही सांगणार.

"ट्रेनरला सांगेन सांगेन म्हणत राहिलो," टॉर्स्टन म्हणाला. "आधी लाज वाटत होती. मग उशीर झाला होता. आज सांगितलं त्याला, दारात."

मी साखरेचं भांडं त्याच्याकडे सरकवलं. 

ते ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर मात्र माझी डॉक्टरेटची तोंडी परीक्षा आली. तुम्ही टाय लावून पहिल्या रांगेत बसला होतात, ताईला सुट्टी नव्हती म्हणून एकटेच आला होतात. माझा सगळा प्रबंध बेअरिंगवर होता. बेअरिंग आतून झिजायला लागलं की मशीन लगेच थांबत नाही, त्याच वेगानं फिरत राहतं. वेग मोजून काही कळत नाही. कळतं ते कंपनावरून, आणि तेही नेमक्या जागी हात ठेवला तर. परीक्षेनंतर तुम्ही मला बाजूला घेऊन विचारलंत, "म्हणजे फिरतंय तसंच, तरी तुला कळतं की ते तुटणार आहे?"

"गेनाऊ, अगदी बरोबर," मी म्हटलं, अगदी खुशीत.

तुम्ही माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलंत. मग मान हलवलीत आणि केक घ्यायला गेलात.

दोन वर्षं मी हे लोकांना शिकवतोय, पगार घेऊन. आणि तुमच्यासमोर वेगाची वही आपटली होती.

घरी आल्यावर ताईला सांगितलं. ती दारात बसून रेवाचे ओले बूट काढत होती.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "त्याच दिवशी सांगितलं होतं त्यांनी. तू गेल्यावर."

"मग मला का नाही सांगितलंस? तीन वर्षं, ताई."

"टॉर्स्टनला शब्द दिला होता त्यांनी." तिनं एक बूट बाजूला ठेवला. "मी म्हटलं होतं, निदान सुहासला तरी सांगू, काय काय बोलून गेला तो. तर म्हणाले, राहू दे. इतकी वर्षं खेळलो, मी हरलो म्हणून माझ्यावर कोणी चिडलं नाही. राखीव माणसाकडून कोण काय अपेक्षा करतो? सुहासला मात्र मी जिंकायला हवा होतो. खूश होते ते, सुहास. त्या दिवशी मला इतका राग आला होता तुझा, आणि हे आपले खूश."

"वेअर?" रेवानं विचारलं. कोण? ती आमचं सगळं समजते आणि उत्तर जर्मनमधूनच देते.

"बाबा," ताई म्हणाली.

दाजी, माफी मागायची राहिली म्हणून मी दहा दिवस तळमळत होतो. तुमच्या लेखी तर माफ करण्यासारखं काही झालंच नव्हतं. मी रेवाला जेवायला बसवलं, ताईला चहा करून दिला, आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडलो.